रकान्याबाहेरची माणसे

पनवेलच्या बाजारात, एस. टी. स्थानकावर आणि अलीकडे लोकलच्या डब्यातही एक वाक्य मी गेली चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. "ह्या गाववाल्यांना सरकारने पैसे दिले, त्यांनी ते उडवले." बोलणारा बहुधा सुशिक्षित असतो. त्याचा आवाज वाईट नसतो. उलट थोडी हळहळच असते त्यात. तो ज्या इमारतीत राहतो, तिच्या जागी पूर्वी भाताचे खाचर होते की मिठागर, हे त्याला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असायलाच हवे असा माझाही आग्रह नाही. पण निकाल मात्र तो देऊन मोकळा झालेला असतो. पैसे मिळाले, उडवले, प्रकरण बंद.

ह्या वाक्याला उत्तर देणारे येथे पुष्कळ आहेत. मोर्चे काढून, सभा घेऊन, प्रसंगी प्राण देऊन त्यांनी ते दिले आहे. मी त्यांच्यातला नाही. मी भूमिपुत्र नव्हे. घाटावरून नोकरीसाठी ह्या तालुक्यात आलेला आणि येथेच म्हातारा झालेला एक निवृत्त तलाठी, एवढीच माझी ओळख. १९६९ साली दप्तर हाती घेतले आणि पस्तीस वर्षांनी खाली ठेवले. तेव्हा ह्या वादात तोंड घालण्याचा माझा अधिकार एवढाच की, ज्या कागदांच्या आधारे ते पैसे वाटले गेले, त्यांतले काही कागद माझ्या अक्षरातले आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पैसे गाववाल्यांना मिळाले हेच मुळी खरे नाही. पैसे सातबाऱ्याला मिळाले. आणि सातबारा म्हणजे गाव नव्हे, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

माझ्या पहिल्या सजात खाडीकाठची चार गावे होती. तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. खाडीच्या भरतीचे पाणी बांधाने अडवून त्याच्या आत भात पिकवायचे, हा इकडच्या खारपट्टीचा शेकडो वर्षांचा उद्योग. बांध मातीचा, आणि समुद्र काही कोणाचा पाहुणा नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि मग दोन-तीन वर्षे त्या जमिनीत धड पीक येत नसे. म्हणून बांध फुटल्याची हाळी आली की सारा गाव धावे. ज्याची जमीन आहे तो धावे, आणि ज्याची तसूभर जमीन नाही तोही धावे. का धावे? शहाण्या माणसाने हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून पाहावा.

मी तो विचारला, पण फार उशिरा. त्या गावातल्या एका सव्वा एकराच्या खाचराचा हिशेब मी निवृत्तीनंतर एकदा मनाशी मांडून पाहिला. कागदावर त्याचा मालक एक. थोरला भाऊ. प्रत्यक्षात नांगर धरी धाकटा, कारण थोरला मुंबईत गिरणीत होता. लावणीला पाच-सहा बायका येत, त्यांतल्या दोघी त्याच गावातल्या भूमिहीन घरांतल्या, बाकीच्या कर्नाळ्याच्या डोंगराकडच्या कातकरी वाडीतल्या. त्यांना मजुरी भातात मिळे. कापणीनंतर त्याच कातकऱ्यांची पोरे उंदरांची बिळे उकरून त्यांतले भात गोळा करीत. ते कोणी चोरी मानीत नसे. नांगराचा फाळ आणि गाडीचे चाक करून देणारा सुतार खळ्यावरून आपले बलुते उचली. पनवेल तेव्हा गाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेले गाव होते, पण खेड्यातल्या सुताराचे पोट खळ्यावरच अवलंबून. भात निघाले की ओलीवर वाल पेरायचा. त्याच्या शेंगा निम्मा गाव खाई. बांधालगतच्या खोलगट पाण्यात एक कोळीण पाग टाकून निवट्या आणि चिंबोऱ्या धरी आणि त्या विकून मुले वाढवी. पावसाळा सरला की ह्याच घरांतली माणसे शेजारच्या मिठागरावर मीठ ओढायला जात, मे अखेरीपर्यंत. मी चुली मोजल्या. नऊ भरल्या. एका खाचरावर नऊ चुली, आणि सातबाऱ्यावर एक नाव.

आता सातबारा म्हणजे काय तेही सांगतो, कारण त्याच्यावर बोलणारे फार आणि तो वाचता येणारे थोडे. गाव नमुना सात हा हक्काचा, गाव नमुना बारा हा पिकाचा. दोन्ही एका कागदावर आले की तो सातबारा. सातमध्ये कब्जेदाराचे नाव, कुळ असल्यास कुळाचे, 'इतर हक्का'त बोजे आणि तगाई. बारामध्ये पीक कोणते, किती, आणि जमीन कसतो कोण. फार हुशारीने केलेला कागद आहे. सारा वसूल करायला ह्याच्याइतका सोयीचा कागद दुसरा नसेल. कारण तो मुळात त्याच कामासाठी जन्मला. सरकारला सारा कोणाकडून मागायचा, हे एका नजरेत कळावे, एवढाच त्याचा हेतू. त्या जमिनीवर जगते कोण, हे सांगण्याचा त्याने कधी आवच आणला नव्हता. आव आम्ही आणला.

त्यातही त्या एका नावापुढे पुष्कळदा 'ए. कु. मॅ.' अशी तीन अक्षरे असत. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर! बाप वारला की थोरल्याचे नाव लागे आणि त्याच्यापुढे ही अक्षरे पडत. त्या अक्षरांच्या पोटात दोन भाऊ, एक विधवा आई आणि तीन बहिणी अशी माणसे राहात. पुढे फेरफार लिहिताना कोणी तलाठी घाईत ती अक्षरे गाळी, आणि त्या सहा जणांचा कागदोपत्री तेवढ्यावर अंत होई. कोणाची तक्रार येत नसे, कारण जमीन होती तोवर धाकटा नांगर धरीतच होता आणि बहिणी पंचमीला माहेरी येऊन वाल नेतच होत्या. हक्क वहिवाटीत होता. कागदात नाही म्हणून कोणाचे अडत नव्हते. ते पुढे अडले.

आता माझी गोष्ट. दुसऱ्यांच्या चुका सांगणाऱ्याने स्वतःची आधी सांगावी.

पीकपाहणी शेतावर जाऊन करायची असते. मी कैकदा ती चावडीत बसून केली. पावसात चार गावांची शिवारे तुडवणे सोपे नव्हते, हे खरे. पण जे सोपे नव्हते तेच करण्याचा मला पगार होता. एका गावात एक गरीब माणूस दुसऱ्याचे शेत अर्धेलीने कशी. सारे गाव ते जाणे, मीही जाणे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी जे कागदावर कूळ होते ते मालक ठरले. त्यामुळे मालकमंडळी कुळाचे नाव कागदावर येण्याला सापासारखी भीत. जमीन कसतो कोण, ह्या रकान्यात मालक 'खुद्द' लिहायला सांगे. मी सलग काही वर्षे 'खुद्द' लिहिले. मला त्याबद्दल कोणी पैसे दिले नाहीत. चहा मिळे, खुर्ची मिळे, आणि वरून "उगाच वाद वाढवू नका" असा सल्ला मिळे. तो अर्धेलीवाला मला वाकून नमस्कार करी. त्याला वाचता येत नव्हते.

अशा कागदांवर १९७० साली नवी मुंबई आली.

ती कल्पना वाईट नव्हती, हेही मी म्हणेन. मुंबई बेटावर माणसे मावेनाशी झाली होती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी १९६५ साली 'मार्ग' ह्या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराचा विचार मांडला, तो विचारी माणसांचा विचार होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण ह्या तालुक्यांतली पंच्याण्णव गावे त्या नकाशात आली. शहर कसे असावे, रस्ते कोठून जावेत, ह्याचा विचार झाला. जमीन घ्यायला कायदा मात्र वापरला तो १८९४ चा, इंग्रजांचा. त्या कायद्याला फक्त 'हितसंबंधित व्यक्ती' दिसते, आणि आमच्या कचेरीत हितसंबंधित व्यक्ती शोधण्याची रीत एकच होती: सातबारा काढा आणि नावे उतरवा. नोटिसा निघाल्या, मोजणी झाली, निवाडे झाले. निवाड्यात माझे अक्षर छापून आल्यासारखे मला वाटे, आणि काही काळ, लाज वाटते सांगायला, त्याचा अभिमानही वाटे.

मग काय झाले ते ऐका. थोरल्याच्या नावाने रक्कम आली. त्याने धाकट्याला दिली तर दिली, आणि कोर्टात जायचे तर धाकट्याकडे पैसा नाही. बहिणींनी मागितले तर "माहेर तोडायचे आहे का?" हा एकच प्रश्न. १९५६ च्या कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीचा वाटा मानला होता. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने तो मुलाच्या बरोबरीचा झाला. पण कायदा वहीत आणि अंगठा हक्कसोडीवर, असे चालले. अर्धेलीवाल्याला काहीच नाही, कारण कागदावर मालक 'खुद्द' कशीत होता. सुताराला नाही, कोळणीला नाही, लावणीच्या बायकांना नाही. नऊ चुलींपैकी एका चुलीच्या नावाने धनादेश निघाला आणि आठ चुलींना कोणी साधी नोटीससुद्धा दिली नाही. त्या आठ घरांनी काय उडवले, हे लोकलच्या डब्यातल्या गृहस्थांनी मला सांगावे.

राहता राहिला तो नववा, म्हणजे ज्याला पैसे मिळाले तो. त्याने उडवले का? काहींनी उडवले. लग्नात उडवले, दारूत उडवले, गाडी घेतली आणि ती दारात गंजली. मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण एक साधा विचार करा. जमीन वर्षाला एकदा देते आणि दर वर्षी देते. तिने आयुष्यभर शिकवलेला हिशेब असा की ह्या वर्षीचे खाऊन टाकायचे, बियाणे ठेवायचे, पुढच्या वर्षी पुन्हा येणार. ज्याच्या सात पिढ्यांनी हाच हिशेब केला, त्याच्या हाती एका दिवशी एकदाच येणारी रक्कम ठेवली आणि बियाणे मात्र कायमचे काढून घेतले. त्या रकमेतून दुसरीकडे शेत घ्यावे म्हटले तर ज्या प्रकल्पाने त्याची जमीन घेतली त्याच प्रकल्पाच्या वाऱ्याने पंचक्रोशीतले भाव चढलेले. आम्ही नोकरदार निवृत्त झालो की आम्हालाही एकरकमी पैसे मिळतात, आणि आमच्यातलेही काही ते उडवतात. पण आम्हाला पेन्शन असते, म्हणून आमचे उडवणे कोणाच्या नजरेत येत नाही. शेतकऱ्याची पेन्शन म्हणजे शेत. ती काढून घेतल्यावर त्याच्या खर्चाची हजेरी घेण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

ह्या अन्यायाविरुद्ध माणसे उठली, हे ह्या मातीचे भाग्य. तिला त्याची सवय होती. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह येथलाच, आणि वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोणही पनवेलहून हाकेच्या अंतरावर. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि पागोटे परिसरात जे घडले, ते महाराष्ट्राने विसरू नये. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्यांच्या मरणातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. १९९० च्या आणि १९९४ च्या शासकीय निर्णयांनी ते पंच्याण्णव गावांना लागू झाले. त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींच्या नावाने कापले गेले, आणि हाती आले पावणेनऊ, हा भाग वेगळा. तरीही ती मोठी गोष्ट होती. भूसंपादनात मूळ मालकाला शहराच्या वाढीत वाटेकरी करावे, हा विचार ह्या लढ्याने देशापुढे ठेवला. दि. बा. वकील होते, आमदार होते, खासदार होते; पण कचेरीत आले की आधी उतारा वाचीत आणि मग बोलत. त्यांच्यापुढे आमची त्रेधा उडे.

पण मला जे टोचते ते हे, की हे साडेबारा टक्केही शेवटी कागदावरच्या नावाचेच. जेवढी जमीन कागदावर गेली, तिच्या साडेबारा टक्के. शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. भूमिहीन, बलुतेदार आणि मिठागर कामगार ह्यांच्यासाठीही पुढे लहानशा भूखंडाची तरतूद झाली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ज्याने ती सुचवली त्याचे मन चांगले असले पाहिजे. पण तरतूद झाली ती माणसे विखुरल्यावर. आणि भूखंड मागायचा तर आधी सिद्ध करायचे की आपण मिठागरावर कामाला होतो. कशावरून? मिठागर बुजलेले. मुकादम वारलेला. हजेरीची वही पावसात गेलेली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एक म्हातारी माझ्या पनवेलच्या घरी आली. तिचे नाव सांगत नाही. हाताची बोटे मिठाने चिरून चिरून कातड्यासारखी झालेली, पायांचे तळवे तसेच. तिच्याबरोबर नातू होता, त्याच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, मी मीठ ओढलाय ता तुमी बघितलाय ना?"

"बघितलंय, बाय."

"मंग लिवून द्या. ते म्हणतात, नाव कागदान नाय."

मी तिला ओळखत होतो. पीकपाहणीच्या दिवसांत मी मिठागराच्या कडेच्या वाटेने सायकल हाकीत जाई, तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन पांढऱ्या ढिगाकडे चालणाऱ्या बायकांच्या रांगेत ती असे. वीस वर्षे मी तिला पाहिले आणि एकदाही तिचे नाव कोठे लिहिले नाही. कारण माझ्या एकाही नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. मी एका कोऱ्या कागदावर लिहून दिले की ही बाई अमुक सालापासून अमुक सालापर्यंत मिठागरावर काम करीत होती हे मी समक्ष पाहिले आहे. खाली सही केली, 'निवृत्त तलाठी' असे लिहिले. नातवाने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्याजोगा नाही. लोक म्हणतात, "सरकारने पैसे द्यायचे तर काही पुरावा हवाच. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मीही ह्या खाचरावर जगत होतो. मग काय करायचे?" बरोबर आहे. खोटे दावे आले आहेत आणि येतील. ह्या तालुक्यात मेलेल्या माणसांनी अर्ज केल्याचे किस्से मी ऐकले आहेत. पण म्हणून नोंद करायची नाही, हे कसले शहाणपण? खोटे दावे येतात ते नोंद नसल्यामुळे. सरकारला जेव्हा माणसे मोजायची असतात तेव्हा ते मोजते. मतदार यादीत ती म्हातारी होती. शिधापत्रिकेवर होती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत तिच्या झोपडीचा पैसा होता. मते घ्यायला ती दिसली, पट्टी घ्यायला दिसली, आणि जमिनीचा मोबदला वाटताना मात्र तीच बाई सरकारला दिसेनाशी झाली. ही दृष्टी अधू नव्हे, सोयीची आहे.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले, आता कायदा बदलला. खरेच बदलला. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा आला. जमिनीच्या मालकाखेरीज शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबून ज्यांची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर चालत होती, आणि पाण्यावर जगणारे मच्छीमारसुद्धा, ही सारी 'बाधित कुटुंबे' आहेत असे तो म्हणतो. प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करा, असेही म्हणतो. तो वाचताना मला माझ्या नऊ चुली आठवल्या. वाटले, कोणीतरी मोजल्या शेवटी.

पण २०१८ साली महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती करून पायाभूत सुविधांसारख्या प्रकल्पांना त्या अभ्यासातून सूट देण्याची वाट काढून ठेवली. शिवाय संपादन नकोच, थेट खरेदी करू. खरेदीही नको, जमिनी एकत्र करून भूखंड परत देऊ, अशा नव्या रीती आल्या. २०१३ पासून पनवेलच्या पलीकडची गावे 'नैना' ह्या नावाखाली सिडकोच्या नियोजनात आहेत. तेथे मालकाला चाळीस टक्के विकसित भूखंड आणि साठ टक्के योजनेला, असा हिशेब मांडला आहे. तो मालकाला न्याय्य आहे की नाही, ह्यावर सभा होतात, मोर्चे निघतात, ते व्हावेत. पण त्या साऱ्या भांडणात दोन्ही बाजूंचा विषय मालकच. त्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईला चाळीस टक्क्यांतले किती आणि साठ टक्क्यांतले किती, हे मी अजून एकाही व्यासपीठावरून ऐकलेले नाही. १९७० सालची चूक आपण आता अधिक चकचकीत कागदावर करीत आहोत. ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवर आली आहे. खातेदार स्वतः छायाचित्र काढून नोंद करतो. चावडीत बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांपेक्षा हे बरेच, ह्यात शंका नाही. तलाठ्याचे नावही आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. पण छायाचित्रात भात येते, आणि भात लावणारी बाई चौकटीबाहेर राहते.

आता दोन शब्द आपल्याच माणसांना, आणि ते त्यांना गोड लागणार नाहीत.

ह्या भागात 'भूमिपुत्र' हा शब्द मोठा झाला आहे. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून हजारो माणसे रस्त्यावर उतरली. ती मागणी योग्यच होती आणि आहे. उलव्याचा डोंगर कापला गेला, नदीची वाट वळवली गेली, चिंचपाडा, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी दहा गावे उठली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. एवढे ज्या मातीने दिले, तिच्या नेत्याचे नाव तेथे मागणे हे काही भीक मागणे नव्हे. पण मला भूमिपुत्रांना विचारायचे आहे: भूमीला मुली नव्हत्या काय? साडेबारा टक्क्यांचा भूखंड वाटून घेताना किती भावांनी बहिणीला बोलावले? जो तुमच्या बापाचे शेत अर्धेलीने करीत होता, त्याच्या मुलाला तुम्ही कोणत्या मोर्च्यात पुढे उभे केले? डोंगरातला कातकरी, ज्याच्या हातांनी तुमची लावणी झाली, तो तुमच्या 'आम्ही'त आहे की नाही? सरकारने सातबाऱ्याबाहेर पाहिले नाही, ही आपली तक्रार. मग आपण तरी त्याच्याबाहेर कोठे पाहिले? भूखंड हाती पडण्याआधीच त्याचा हक्क बिल्डरला विकून टाकणारे आपल्यातच निघाले, आणि त्या व्यवहाराला साक्षीदारही आपल्यातलेच होते. नावाच्या पाटीसाठी भांडताना, ज्यांची नावे कोणत्याच वहीत नाहीत त्यांच्यासाठी एक दिवस तरी भांडा. मला वाटते दि. बां.ना ते अधिक आवडले असते.

नुसती टीका करून उठणे हे म्हाताऱ्याचे लक्षण आहे, म्हणून एक सूचना करतो. ती माझ्या धंद्यातली आहे, आणि फुकट होण्याजोगी आहे. चावडीवाचन ही आपल्याकडे जुनी रीत. गावात बसून उतारे मोठ्याने वाचायचे, चूक असेल तर गावाने तेथेच सांगायचे. ज्या ज्या गावावर आज एखाद्या रस्त्याची, नगराची, गोदामाची रेघ पडली आहे, त्या प्रत्येक गावाने नोटिशीची वाट न पाहता असे वाचन ग्रामसभेत करावे. पण नुसते मालक वाचू नयेत. प्रत्येक गटनंबर वाचला की विचारावे: येथे लावणीला कोण येते? ह्या पाण्यात मासे कोण धरते? हे गवत कोण कापते? ह्या सातबाऱ्यातल्या बहिणी कोठे दिल्या आहेत? उत्तरे गावाला पाठ असतात, तलाठ्याला नसतात. ती लिहावीत, ठराव करावा, सह्या-अंगठे घ्यावेत, आणि एक प्रत तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी. त्या कागदाने उद्या लगेच कोणाला पैसा मिळेल असे मी म्हणत नाही. पण कायदा जेव्हा 'तीन वर्षांचा पुरावा' मागेल, तेव्हा तीन वर्षांपूर्वीची तारीख असलेला एक कागद गावाकडे असेल. चार माणसे जे एका संध्याकाळी तोंडाने सांगू शकतात, तेच दहा वर्षांनी कोर्टात सिद्ध होत नाही. हे मी पस्तीस वर्षे पाहिले.

आणि सरकारने एवढेच करावे: आधी माणसे मोजावीत, मग जमीन. आजवर क्रम उलटा होता.

ती म्हातारी पुन्हा आली नाही. नातू आला, दोन-अडीच महिन्यांनी. माझा कागद चालला नाही, असे त्याने सांगितले. निवृत्त माणसाचे लिहिणे पुरावा होत नाही म्हणाले. तेथे बसलेल्या गृहस्थांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. तो कागद मी नोकरीत असताना लिहायला हवा होता. तेव्हा माझ्या हाती सरकारचे दप्तर होते, शिक्का होता, आणि ती बाई रोज माझ्या सायकलीच्या वाटेवर होती.